पेपर एकाचा, पहिला नंबर दुसऱ्याचा

६ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री न्यू ऑर्लिन्समध्ये अमेरिकन फुटबॉलचं वर्षातलं सगळ्यात मानाचं बक्षीस जाहीर झालं. बफेलो बिल्सचा जॉश अ‍ॅलन ३८३ गुण, बाल्टिमोर रेव्हन्सचा लमार जॅक्सन ३६२ गुण. मतं देणारे पन्नास पत्रकार आणि समालोचक. त्यातल्या २७ जणांनी अ‍ॅलनला पहिला ठेवला, २३ जणांनी जॅक्सनला. हा निकाल चुकला असं माझं त्या रात्रीही म्हणणं होतं आणि आजही आहे. २०२४ च्या हंगामाचं बक्षीस लमार जॅक्सनचं होतं. आमच्या घरात या विषयावर इतकी वादावादी झाली आहे की एकदाच सगळं नीट मांडून टाकावं, म्हणजे दर फोनवर तेच तेच उगाळायला नको, म्हणून हा प्रपंच.

आता आमची नाशिकची मंडळी म्हणणार, बाईंना या वयात हे काय सुचलं! तर सांगते. त्या हंगामात, म्हणजे सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, मी लेकीकडे मेरीलँडला होते. बाल्टिमोर तिथून पाऊण तासावर. बाहेर थंडी, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि रविवारी दुपारपासून रात्रीपर्यंत दिवाणखान्यात हा खेळ. जावईबापू बफेलोला शिकलेले, त्यामुळे ते कट्टर बिल्सवाले. नातू बाल्टिमोरवाला. मी कुणाची, हे वेगळं सांगायला नको, आजी नातवाच्याच बाजूने असते. म्हणजे पक्षपाताचा आरोप माझ्यावर होणार हे उघड आहे. होऊ दे. पण पस्तीस वर्षं पेपर तपासले आहेत. आपल्या ओळखीच्या मुलाचा पेपर आला की हात जरा जास्तच आखडायचा असतो, हे मला कुणी शिकवायला नको.

ज्यांना या खेळातलं काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार ओळी. नाव फुटबॉल असलं तरी पायाचा संबंध बेताचाच. अकरा जणांनी चेंडू घेऊन पुढे सरकायचं, चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड. नाहीतर चेंडू समोरच्यांना. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक प्रयत्नात चेंडू ज्याच्या हातात येतो तो. त्याने तीनेक सेकंदांत ठरवायचं: लांब फेकायचा, शेजारच्या धावणाऱ्याच्या हातात द्यायचा, की स्वतःच पळायचं. समोरून दीडदीडशे किलोचे पहिलवान अंगावर येत असतात. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे गेला की टचडाउन, सहा गुण. फेकलेला चेंडू प्रतिपक्षाने झेलला तर इंटरसेप्शन, आणि ते क्वार्टरबॅकच्या खात्यावर पाप म्हणून लिहिलं जातं. एवढं पुरे.

बक्षिसाचं नाव मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर. आपल्याकडच्या मालिकावीरासारखं, पण अख्ख्या हंगामाचं. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था ते १९५७ पासून देते. नावात प्लेयर असलं तरी २०१३ ते २०२४ पर्यंत एकदाही ते क्वार्टरबॅकशिवाय कुणाला गेलं नाही. २०२४ मध्ये फिलाडेल्फियाचा सेक्वॉन बार्कली २,००५ यार्ड पळाला, तरी १२० गुणांवर तिसरा. तोही अन्यायच म्हणायचा, पण आज तो विषय नको.

आता दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवू. साखळीतले सतरा सामने.

अ‍ॅलनने ४८३ वेळा चेंडू फेकला, जॅक्सनने ४७४ वेळा. म्हणजे जॅक्सनच्या फेकी नऊने कमी. त्या नऊ कमी फेकींत जॅक्सनने ४,१७२ यार्ड काढले, अ‍ॅलनने ३,७३१. जॅक्सनच्या फेकीवर ४१ टचडाउन, अ‍ॅलनच्या २८. जॅक्सनचे इंटरसेप्शन ४, अ‍ॅलनचे ६. फेकीच्या एकूण कामाला एक रेटिंग देतात, ते जास्तीत जास्त १५८.३ असू शकतं. जॅक्सनचं ११९.६, त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात वरचं. अ‍ॅलनचं १०१.४. सारखाच पेपर, सारखाच वेळ, आणि गुणांत एवढा फरक. चाळीसपेक्षा जास्त टचडाउन आणि पाचपेक्षा कमी इंटरसेप्शन एकाच हंगामात, हे त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं.

पळण्यात जॅक्सन ९१५ यार्ड, अ‍ॅलन ५३१. एका हंगामात चार हजारांवर यार्ड फेकून नऊशेच्या वर यार्ड पळणाराही जॅक्सन पहिलाच. पळून केलेल्या टचडाउनमध्ये मात्र अ‍ॅलन पुढे, आणि चांगला पुढे: १२ विरुद्ध ४. हे गुण त्याला पूर्ण द्यायचे. रेषेजवळ पोचल्यावर हा सहा फूट पाच इंचांचा मनुष्य घुसला की त्याला अडवणं कठीण.

बेरीज करा. यार्ड: जॅक्सन ५,०८७, अ‍ॅलन ४,२६२. टचडाउन: जॅक्सन ४५, अ‍ॅलन ४१. आणि या ४१ मध्येही एक गंमत आहे. १ डिसेंबर २०२४ ला बफेलोत हिमवर्षावात सामना होता. अ‍ॅलनने चेंडू फेकला, सहकाऱ्याने झेलला, तो अडकतोय असं दिसताच त्याने चेंडू पुन्हा अ‍ॅलनकडे टाकला आणि अ‍ॅलन पळत रेषेपलीकडे गेला. नियमाप्रमाणे फेकणाराही तोच आणि झेलणाराही तोच, म्हणून एकाच टचडाउनची नोंद दोन ठिकाणी. पाहायला फारच सुंदर होतं, मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. पण एकाच उत्तराला दोनदा गुण? आमच्या वेळचे मॉडरेटर असते तर लाल शाईने गोल केला असता.

जावईबापूंचं म्हणणं, अहो आई, शेवटच्या सामन्यात अ‍ॅलन एकच प्रयत्न खेळून बाहेर बसला, म्हणजे खऱ्या अर्थाने त्याचे सोळाच सामने. बरोबर आहे. म्हणून सोळाने भागून पाहिलं. अ‍ॅलन सामन्यामागे २६६ यार्ड, जॅक्सन सतराने भागूनही २९९.

इथवर कुणाचा फारसा वाद नसतो. अ‍ॅलनवाले म्हणतात, आकडे जॅक्सनचेच चांगले आहेत, पण आकडे म्हणजे सर्वस्व नव्हे. शाळेत हे वाक्य मी कमी गुण पडलेल्यांच्या पालकांकडून फार ऐकलं आहे. पुढचं म्हणणं असं की अ‍ॅलनने संघ एकट्याने ओढला. त्याचा सगळ्यात भरवशाचा झेल घेणारा स्टेफॉन डिग्ज एप्रिल २०२४ मध्ये दुसऱ्या संघाला देऊन टाकला होता, हाताशी नवखे आणि सामान्य गडी. उलट जॅक्सनच्या शेजारी डेरिक हेन्री, १,९२१ यार्ड पळालेला. समोरचे सगळे हेन्रीला धरायला धावतात आणि जॅक्सनला मोकळं मैदान मिळतं.

ऐकायला हे फार पटण्यासारखं आहे. पण जरा खोलात जाऊ. हाच हेन्री २०२३ मध्ये टेनेसीकडून खेळत होता. २८० वेळा चेंडू घेऊन पळाला, १,१६७ यार्ड, म्हणजे दर वेळी ४.२ यार्ड. २०२४ मध्ये बाल्टिमोरला आला, तिशी गाठलेली, ज्या वयात या खेळातले धावणारे घरी बसतात. ३२५ वेळा पळाला आणि दर वेळी ५.९ यार्ड! आता सांगा, कुणामुळे कुणाचं भलं झालं? जॅक्सन चेंडू देतोय की स्वतः पळतोय, हे समोरच्याला कळत नाही. तो अर्धा क्षण थबकतो आणि तेवढ्यात हेन्री निघून गेलेला असतो. दोघांनी एकमेकांना हात दिला हे खरं. पण हेन्रीच्या वाढलेल्या यार्डांचं श्रेय जॅक्सनला द्यायचं नाही आणि जॅक्सनच्या टचडाउनांचं श्रेय मात्र हेन्रीला द्यायचं, हा कुठला हिशेब?

आणि अ‍ॅलन एकटा होता म्हणतात, तोही कुठे एकटा होता? त्याच्या शेजारच्या जेम्स कुकने त्या हंगामात पळून १६ टचडाउन केले. हेन्रीचेही सोळाच! अ‍ॅलनच्या पुढे उभी राहणारी पहिलवानांची भिंत इतकी भक्कम होती की अख्ख्या हंगामात त्याला चेंडूसकट फक्त १४ वेळा पाडता आलं. बफेलोच्या बचाव फळीने समोरच्यांचे चेंडू इतके हिसकावले की मिळवलेले वजा घालवलेले हा हिशेब अधिक २४ वर गेला, लीगमध्ये सगळ्यांत पुढे. (त्यात चेंडू जपून ठेवणाऱ्या अ‍ॅलनचाही वाटा आहे, ते मी मान्य करते. २०२३ मध्ये त्याचे १८ इंटरसेप्शन होते, ते ६ वर आणले, ही साधी सुधारणा नव्हे.) पण डिग्ज गेला एवढ्यावरून गरीब बिचारा एकाकी वीर ही कथा रचायची, ते मला पटत नाही.

दुसरा मुद्दा विजयांचा. बफेलो १३ जिंकले ४ हरले, बाल्टिमोर १२ जिंकले ५ हरले. एका सामन्याचा फरक. आता हा एक सामना कुठे गेला ते पाहू. त्याच १ डिसेंबरला, ज्या दिवशी अ‍ॅलन हिमात पळत होता, बाल्टिमोर आपल्या घरच्या मैदानावर फिलाडेल्फियाकडून २४-१९ असं हरलं. पाच गुणांनी. त्या सामन्यात बाल्टिमोरच्या किक मारणाऱ्याचे दोन फील्ड गोल आणि टचडाउननंतरचा एक गुण हुकला. तीन, तीन आणि एक, सात गुण. किक मारणं क्वार्टरबॅकचं काम नव्हे, तो त्या वेळी बाकावर बसून पाणी पीत असतो. ऑक्टोबरात क्लीव्हलँडविरुद्ध शेवटच्या मिनिटांत बाल्टिमोरच्या बचावपटूच्या हातात आलेला चेंडू निसटला, आणि लगेच पुढे क्लीव्हलँडने टचडाउन करून सामना नेला. तेही जॅक्सन बाकावर असताना. पिट्सबर्गला १८-१६ हरले तेव्हाही दोन किका हुकल्या होत्या. पण त्या दिवशी जॅक्सनही वाईट खेळला, निम्म्याच फेकी लागल्या, म्हणून तो सामना मी त्याच्या बाजूने धरत नाही.

आणि हरण्याचे गुण कापायचेच असतील तर दोघांचेही कापा. ८ डिसेंबर २०२४ ला बफेलो लॉस एंजेलिस रॅम्सकडून ४४-४२ हरलं. त्या दिवशी अ‍ॅलनने तीन टचडाउन फेकून आणि तीन पळून केले. साखळी सामन्यात असं आजवर कुणी केलं नव्हतं. सामना हरला, पण त्याच सामन्याने त्याचं पारडं जड झालं, सगळे म्हणाले, बघा, बिचाऱ्याने आणखी काय करायचं? अगदी बरोबर. मग जॅक्सनच्या बाबतीत हाच प्रश्न का नाही विचारला?

(२९ सप्टेंबर २०२४ ला हे दोन संघ समोरासमोर आले तेव्हा बाल्टिमोरने बफेलोला ३५-१० असं धुतलं. नातू हा सामना सारखा काढतो. मी काढत नाही. तो दिवस हेन्रीचा होता.)

आता शब्दाकडे येऊ. व्हॅल्युएबल, मौल्यवान. अ‍ॅलनवाल्यांचं शेवटचं शस्त्र हेच. म्हणतात, हे उत्कृष्ट खेळाडूचं बक्षीस नाही, मौल्यवान खेळाडूचं आहे. म्हणजे काय, तर तो माणूस संघातून काढला तर मागे काय उरतं? मी मराठी शिकवलेली बाई, शब्दाच्या अर्थावर वाद घालायला मला आवडतंच. पण ही व्याख्या पुरस्काराच्या कुठल्या नियमात लिहिलेली नाही. ज्याने त्याने आपापली करायची. आणि ही व्याख्या घेतली तरी अडचण आहे, कारण अ‍ॅलनला काढून कुणी पाहिलेलं नाही. तो वर्षानुवर्षं एकही सामना न चुकवता खेळत आला होता. हा त्याचा मोठाच गुण, पण मग त्याच्यावाचून बफेलोचं काय झालं असतं हा नुसता अंदाज.

बाल्टिमोरने मात्र हे भोगून पाहिलं आहे. २०२१ च्या हंगामात हा संघ ८ विजय ३ पराभव असा दिमाखात चालला होता. बाराव्या सामन्यात पिट्सबर्गकडून एका गुणाने हरला. तेराव्यात, क्लीव्हलँडला, जॅक्सनचा घोटा दुखावला आणि तो लवकरच बाहेर गेला. पुढचे चार सामने तो खेळू शकला नाही. संघ ते सगळे हरला आणि शेवट ८ विजय ९ पराभव असा झाला. जॅक्सन मैदानात असताना लीगमधल्या पहिल्या फळीत बसणारा संघ, तो गेल्यावर बाद फेरीलाही पोचला नाही. मौल्यवान कोण याचा प्रयोग करूनच हवा असेल तर तो झालेला आहे, निकालही लागलेला आहे.

पण मंडळी, माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे.

हेच पन्नास जण आणखी एक मतदान करतात, ऑल-प्रो संघाचं. म्हणजे प्रत्येक जागेवरचा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू कोण. हंगाम तोच, सामने तेच, मतं द्यायची मुदतही बाद फेरी सुरू होण्याआधीचीच. त्या मतदानात सर्वोत्तम क्वार्टरबॅक म्हणून जॅक्सनला ३० मतं पडली, अ‍ॅलनला १८ आणि सिनसिनाटीच्या जो बरोला २. म्हणजे तीस जणांनी लिहून दिलं की त्या वर्षीचा सर्वोत्तम क्वार्टरबॅक जॅक्सन. आणि त्याच पन्नास जणांच्या दुसऱ्या कागदावर जॅक्सनला पहिल्या क्रमांकाची मतं तेवीसच.

तीस वजा तेवीस, सात. म्हणजे निदान सात जण असे आहेत ज्यांनी एका कागदावर जॅक्सन सर्वोत्तम क्वार्टरबॅक लिहिलं आणि दुसऱ्या कागदावर पहिल्या क्रमांकाला अ‍ॅलनचं नाव घातलं. बार्कलीला पहिल्या क्रमांकाचं एकही मत नव्हतं, तेव्हा ती मतं गेली अ‍ॅलनलाच. एखाद्याने म्हटलं असतं की सर्वोत्तम क्वार्टरबॅक जॅक्सन पण सगळ्यात मौल्यवान खेळाडू बार्कली, तर ते मी समजू शकते. जागा वेगळी, काम वेगळं. पण दोघेही क्वार्टरबॅक! जागा एक, काम एक, आणि एकच परीक्षक म्हणतो की याचं काम सगळ्यात चांगलं आणि त्याच्या कामाची किंमत सगळ्यात जास्त.

असं पूर्वी एकदा झालं होतं, १९८७ मध्ये. बक्षीस जॉन एल्वेला आणि ऑल-प्रो संघात जो मोंटाना. म्हणजे ही रोजची गोष्ट नव्हे.

मतपत्रिकेवर पाच नावं क्रमाने लिहायची असतात. पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ५, मग ३, २, १. त्या सातातल्या फक्त तिघांनी आपल्याच ऑल-प्रोच्या कागदाशी प्रामाणिक राहून पहिलं आणि दुसरं नाव अदलाबदल केलं असतं, तर अ‍ॅलन ३६८ आणि जॅक्सन ३७७. निकाल फिरला असता. (आणि जाता जाता: गुणांचा ताळा करून पाहिला, तर एका महाभागाने जॅक्सनला चौथ्या क्रमांकावर टाकलेलं निघतं. वर तिघे कोण सापडले त्याला, देव जाणे.)

हे सात जण असं का वागले असतील? मनातलं मला कळत नाही, पण स्टाफरूममध्ये वर्षं काढली आहेत, त्यामुळे वास ओळखीचा आहे. आमच्या शाळेत एक फिरता चषक होता, वार्षिक परीक्षेत वर्गात पहिला येईल त्याला. शाळेचं नाव घेत नाही. एक मुलगी सातवीत पहिली, आठवीत पहिली, आणि नववीत तर आधीच्या दोन्ही वर्षांपेक्षा जास्त गुण मिळवून पहिली. तेव्हा स्टाफरूममध्ये सूर निघाला, दर वर्षी तिलाच काय द्यायचं, यंदा दुसऱ्या नंबरच्या मुलाला देऊ. मुलगा खरंच गुणी होता, घरची परिस्थिती बेताची, त्याला हुरूप येईल. मी म्हटलं, मग चषकावर कोरलेले ‘प्रथम क्रमांकास’ हे शब्द आधी घासून काढा. सगळे हसले. चषक मुलाला गेला. मुलगी कुणाशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पुढच्या बाकावरून उठून खिडकीजवळ मागे जाऊन बसायला लागली.

जॅक्सनला २०१९ मध्ये हे बक्षीस पन्नासपैकी पन्नास मतांनी मिळालं होतं. २०२३ मध्ये पन्नासपैकी एकोणपन्नास. (उरलेलं एक अ‍ॅलनला. तो माणूस निदान एका शब्दाचा.) आता २०२३ चा त्याचा पेपर पाहा: ३,६७८ यार्ड, २४ टचडाउन, ७ इंटरसेप्शन. त्या वर्षी अ‍ॅलनचे टचडाउन पळालेले धरून ४४ होते, तरी त्याला एकच मत, कारण इंटरसेप्शन फार आणि बाल्टिमोरचे विजय जास्त. ते बक्षीस जॅक्सनला जरा स्वस्तातच मिळालं, हे मी नातवासमोरही बोलते. पण मग पुढच्या वर्षी हाच मुलगा २४ चे ४१ करतो, ७ चे ४ करतो, बहुतेक रकान्यांत स्वतःला मागे टाकतो, आणि दुसरा येतो! ज्या उत्तरपत्रिकेला ४९ मतं, तिच्याहून कितीतरी सरस उत्तरपत्रिकेला २३. मधे बदललं ते एवढंच की त्याच्या कपाटात दोन चषक जमा झाले होते आणि अ‍ॅलनच्या कपाटात एकही नव्हता. तीन किंवा जास्त वेळा हे बक्षीस मिळवलेले तोवर सहाच जण होते. त्या पंक्तीत याला इतक्यात कशाला बसवा, असं काहींना वाटलं असेल, तर ते पत्रकारितेत लिहा, मतपत्रिकेत नको.

हे दोघे एकाच वर्षी, २०१८ मध्ये, निवडीच्या बाजारात उतरले. अ‍ॅलन सातवा निवडला गेला, जॅक्सन बत्तिसावा, पहिल्या फेरीतला शेवटचा. त्याच्याआधी चार क्वार्टरबॅक उचलले गेले. महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च मान, हाइजमन चषक, जॅक्सनला २०१६ मध्येच मिळाला होता, तरी काही जाणकार सांगत होते की याने क्वार्टरबॅक होण्याचा नाद सोडावा आणि चेंडू झेलणारा व्हावं. कृष्णवर्णीय मुलांना या खेळात हे फार वर्षांपासून सांगितलं जात आलं आहे. वॉरन मून नावाचा क्वार्टरबॅक होता, १९७८ मध्ये त्याला एकाही संघाने निवडलं नाही, तो कॅनडात जाऊन खेळला आणि तिथे नाव काढल्यावर मग परत बोलावलं. २०२४ ला त्या पन्नास जणांनी रंग पाहून मत दिलं असं मी म्हणत नाही. त्यांनीच दोनदा ओंजळ भरून दिलं आहे. मी म्हणते ते इतकंच की आधी म्हणाले तू पळतोस, फेकता येत नाही. त्याने फेकून दाखवलं. मग म्हणाले संघ जिंकला पाहिजे, जिंकून दाखवला. मग फेकण्यात आणि पळण्यात आजवर कुणी केलं नाही ते केलं, तर म्हणाले पण तुझ्याकडे हेन्री आहे. प्रश्नपत्रिका दर वर्षी बदलायची आणि ती पेपर लिहून झाल्यावर हातात द्यायची.

अ‍ॅलनबद्दल माझ्या मनात काही नाही. कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्याचं पोर, शाळा संपली तेव्हा कुठल्याही मोठ्या विद्यापीठाने त्याला घेतलं नव्हतं. तो कष्टाने वर आला आहे. त्याने बक्षीस मागून घेतलं नाही, त्याला दिलं गेलं.

राहता राहिला जावईबापूंचा हुकमी एक्का: १९ जानेवारी २०२५, बाद फेरी, बफेलोच्या मैदानावर बिल्स २७, रेव्हन्स २५. समोरासमोर कोण जिंकलं, सांगा आई! त्या रात्री पहिल्या अर्ध्यात जॅक्सनने एक चेंडू प्रतिपक्षाच्या हातात फेकला आणि एक हातातून घालवला. त्याने बरोबरीच्या दोन गुणांसाठी फेकलेला शेवटचा चेंडू सहकाऱ्याच्या हातातून सुटला. सगळं मान्य. पण मतपत्रिका त्याआधीच भरून झाल्या होत्या, तेव्हा तो सामना कुणाच्याच हिशेबात धरता येत नाही, त्यांच्या नाही आणि माझ्याही नाही. पुढच्या रविवारी बफेलो कॅन्सस सिटीकडून ३२-२९ असं हरलं. त्या रात्री मी जावईबापूंना आल्याचा चहा करून दिला आणि फुटबॉलचा एक शब्द काढला नाही. नातवालाही काढू दिला नाही. अकरा दिवसांनी बक्षीस जाहीर झालं, तेव्हापासून मात्र बोलते आहे.